१४ दिवस, ९ देश आणि बसची खिडकी

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. २८ वर्षं भूगोल शिकवला. ऱ्हाइन नदी, आल्प्स, नेदरलँड्समधली समुद्र हटवून मिळवलेली जमीन, सगळं फळ्यावर काढलं, डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं युरोपच्या सहलीला निघालो आहोत. १४ दिवस, ९ देश, पॅरिसपासून रोमपर्यंत सगळा प्रवास बसने. पैसे भरून झालेत, व्हिसाचे कागद जमवतोय, आणि आता माझं मन मागे फिरू लागलंय. मुलगी म्हणते, "आई, ही नुसती पळापळ आहे. एक देश निवडा, रेल्वेने फिरा." नणंद गेल्या वर्षी अशाच सहलीला जाऊन आली. ती म्हणते, "उतरा, फोटो काढा, चढा. कुठला चौक कुठल्या गावातला, आता आठवतही नाही." यजमान ६६ वर्षांचे. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. ते म्हणतात, "मी बसमध्ये बसून राहीन, तू पाहून ये." हे ऐकून मला रडूच आलं. आम्ही चूक केली का? त्यांना झेपेल का? आणि एवढ्या घाईत खरंच काही पाहून होतं का?

– भूगोलाच्या बाई

सल्ला

प्रिय बाई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं शोधावं लागणार नाही. हो, पाहून होतं. पण त्यासाठी बसमध्ये जागं राहावं लागतं.

मी अशा दोन सहली केल्या. पहिली आईबरोबर, १२ दिवसांची. प्रत्येक ठिकाणी मी उतरून धावले आणि बसमध्ये चढले की झोपले. इन्सब्रुकहून व्हेनिसला जाताना ब्रेनर खिंड कधी आली, कधी गेली, मला कळलं नाही. आई जागी होती. रात्री हॉटेलात तिने तिची छोटी वही दाखवली. "खिंड ओलांडली तरी पाट्या दोन भाषांत. घरं तशीच. सफरचंदाच्या बागा खूप. मग डोंगर एकदम संपले." एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी मी व्हेनिसचे शेकड्यांनी फोटो काढले होते, ते पुन्हा उघडावेसे वाटले नाहीत. आईच्या त्या ओळी मात्र मला पाठ आहेत.

त्या ओळींचा अर्थ मला नंतर पुस्तकं चाळून लावावा लागला, तुम्हाला तो वाचता वाचताच लागला असेल. ब्रेनर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. आज तिथे ऑस्ट्रिया आणि इटलीची सीमा आहे, पण ती तिथे आली पहिल्या महायुद्धानंतर. ऑस्ट्रियाचा दक्षिण टायरॉल हा भाग इटलीकडे गेला, माणसं आणि त्यांची जर्मन भाषा होती तिथेच राहिली. म्हणून इटलीत शिरल्यावरही पाट्या कितीतरी वेळ इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत दिसतात. भाषेची खरी सीमा आणखी शंभरेक किलोमीटर खाली, सालोर्नो गावाजवळ, जिथे आदिजे नदीचं खोरं अरुंद होतं तिथे आहे. आणि पाण्याची सीमा? खिंडीच्या उत्तरेचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जातं, दक्षिणेचं आदिजेतून एड्रियाटिकला. पुढे व्हेरोनाच्या सुमारास दोन्ही बाजूंचे कडे सरतात आणि पो नदीचं सपाट मैदान सुरू होतं. हे सगळं एका सकाळीत, आसनावरून न उठता. विमानाने गेलात तर यातलं काही दिसत नाही, आणि एकाच शहरात आठवडाभर राहिलात तरी दिसत नाही.

धावत्या सहलीची मला कळलेली देणगी ही आहे. ठिकाणं ती अर्धवटच दाखवते, पण एक ठिकाण दुसऱ्याला कुठे जोडलेलं आहे ते ती फार छान दाखवते. पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी पाहिल्या की मन आपोआप त्यांची गाठ मारतं. वर्षांच्या अंतराने पाहिल्या की ती गाठ सुटून जाते.

तुमच्यासाठी पहिला धागा उघडच ऱ्हाइनचा. तुमच्या सहलीचा क्रम बहुतेक असाच असेल: पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनचा धबधबा, ल्युसर्न, लिख्टेनस्टाइन, इन्सब्रुक, मग इटली. म्हणजे तुम्ही ऱ्हाइनच्या मुखाकडून उगमाकडे निघालात. नेदरलँड्समध्ये नदी फाटे फुटून समुद्राला मिळते. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि महामार्गावरून जाताना एखादा कालवा रस्त्यापेक्षा उंचावरून वाहताना दिसला तर डोळे चोळू नका, तो खरंच वर असतो. कोलोनला ऱ्हाइन कशी रुंद, कामाची, मालवाहू नावांनी भरलेली दिसते! कोब्लेंझ आणि बिंगेनच्या दरम्यान ती डोंगरांत शिरते, दोन्ही काठांवर द्राक्षमळे आणि किल्ले. बस तिथून महामार्गाने वरून जाणार, की थोडं अंतर बोटीने नेणार, हे आधीच विचारून घ्या. बोट असेल तर तो तास चुकवू नका. शाफहाउझेनला तीच नदी २३ मीटरवरून कोसळते, पात्राची रुंदी सुमारे १५० मीटर. आणि लिख्टेनस्टाइनच्या वाटेवर ती दोन देशांमधली सीमारेषा होऊन, बांध घातलेल्या सरळ पात्रातून मुकाट्याने वाहते. किती वेळा फळ्यावर काढलीत ही नदी! या वेळी काढताना खडूऐवजी पेन्सिल घ्या. एका कोऱ्या कागदावर तिची रेघ काढून न्या आणि जिथे जिथे भेटेल तिथे खूण करा.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये बस बहुधा कुक्कू घड्याळांच्या दुकानापाशी थांबेल. घड्याळ घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन की तुम्ही तेव्हा डॅन्यूबच्या उगमाच्या परिसरात उभ्या असता. तीही त्याच डोंगराळ जंगलातून निघते आणि पूर्वेकडे काळ्या समुद्राला जाते, तर शेजारचे ओढे ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला.

दुसरा धागा मला फार आवडतो आणि सहलीत तो सहसा कुणी जोडून सांगत नाही. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयापासून कॉन्कॉर्ड चौकापर्यंत त्वीलरी नावाची बाग आहे. तिथे एक राजवाडा होता, १८७१ मध्ये तो जळाला. १० ऑगस्ट १७९२ ला जमावाने त्या राजवाड्यावर हल्ला केला तेव्हा राजाचे स्विस शिपाई लढताना शेकड्यांनी मारले गेले. तुम्ही बागेतून चालाल आणि आठवड्याभरात ल्युसर्नला कड्यात कोरलेल्या, भाल्याचा तुकडा अंगात रुतलेल्या मरणोन्मुख सिंहासमोर उभ्या राहाल. १८२१ चं ते शिल्प त्याच शिपायांचं स्मारक आहे. त्यानंतर चार-पाच दिवसांत व्हॅटिकनच्या दारात पट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातले तरुण पहारेकरी दिसतील. तेही स्विस. १५०६ पासून पोपच्या पहाऱ्यावर स्वित्झर्लंडहून आलेले शिपाई आहेत. आज श्रीमंत असलेला तो देश एकेकाळी इतका गरीब होता की त्याची पोरं परक्यांच्या पहाऱ्यावर जात. पॅरिस, ल्युसर्न, रोम हे तीन थांबे या एका गोष्टीने बांधले गेले की कुठला चौक कुठल्या गावातला, याचा घोळ उरत नाही.

आता तुमच्या नणंदेची बाजू. त्या जे म्हणाल्या ते खरं आहे, आणि ते नाकारून तुम्हाला धीर देणं मला पटत नाही. व्हेनिस तुम्हाला भर दुपारी, गर्दीत, तीन-चार तास मिळेल. तिथली संध्याकाळ, जेव्हा दिवसापुरते आलेले लोक परततात आणि गल्ल्या शांत होतात, ती तुम्हाला मिळणार नाही, कारण तुमचं हॉटेल बहुधा खाडीपलीकडे जमिनीवर असेल. फ्लॉरेन्समध्ये उफिझी चित्रसंग्रहालय बाहेरून दिसेल. रोमला दीड दिवस म्हणजे काहीच नव्हे. हळहळ वाटेल. ती वाटू द्या, तिच्यासाठी कुणावर चिडू नका.

चिडायचं नाही हे सांगायला कारण आहे. या सहलीतली घाई टूर मॅनेजरच्या स्वभावातून येत नाही, ती चालकाच्या घड्याळातून येते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बसचालकाला दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदाच १०. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती, ती तुकड्यांत घेता येते. रोज सलग ११ तास विश्रांती, ठरावीक दिवशीच ती ९ तासांपर्यंत आणता येते. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवत असतं आणि पोलीस ते तपासतात. त्यामुळे सकाळी कुणी २० मिनिटं उशिरा खाली उतरलं, तर ती २० मिनिटं चालक वाढवून देऊ शकत नाही. ती दुपारच्या एखाद्या थांब्यातून कापली जातात.

हे घड्याळ कळलं की स्वतःचा वेळही काढता येतो. जूनमध्ये पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या जरा आधी मावळतो. आयफेल टॉवरवरचे दिवे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतात. म्हणजे रोषणाई पाहायची तर परतायला साडेअकरा-बारा होणारच. तोच चालक असेल तर दुसऱ्या दिवशी साडेआठ-नऊच्या आत बस हलणार नाही, हे तुम्ही स्वतः मोजू शकता. त्या सकाळी घाईने उठायचं कारण नाही. उलट ज्या दिवशी संध्याकाळी सहालाच हॉटेलात पोहोचता, त्या दिवशी खोलीत पडून राहू नका. उजेड आणखी तीन-चार तास असतो. हॉटेल शहराबाहेर असतं म्हणून लोक नाराज होतात, पण मला युरोपातली सगळ्यात खरी संध्याकाळ अशाच एका उपनगरात भेटली. पाव घेऊन सायकलवरून घरी निघालेले लोक, कुंपणापलीकडे बागेला पाणी घालणारे आजोबा, बसथांब्यावर दप्तरं टाकून बसलेली पोरं. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा आणि अर्धा तास चालून या. आणि हो, दुकानातून काही घ्यायचं असेल तर जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

माहितीपत्रक पुन्हा एकदा, फक्त क्रियापदं पाहत वाचा. सहलीची खरी किंमत तिथे लपलेली असते. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, आत जायचं नाही. 'ओरिएंटेशन टूर' किंवा 'पॅनोरमिक' म्हणजे बसच्या खिडकीतून. 'भेट' लिहिलं असेल तर तिकीट धरलेलं आहे का, ते लेखी विचारा. 'ऐच्छिक' म्हणजे तिथे गेल्यावर वेगळे युरो. देशांच्या आकड्यालाही भुलू नका. ९ देशांत लिख्टेनस्टाइन धरलेला आहे, त्याचं क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, आणि व्हॅटिकनही, ते अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. वारही तपासा. लूव्र मंगळवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याच्या शेवटच्या रविवारचा तेवढा अपवाद.

थांबा छोटा असेल तर तिथे एकच गोष्ट पाहायची, हे घरूनच ठरवून निघा. ब्रसेल्सला सगळा गट लघवी करणाऱ्या छोट्या मुलाच्या पुतळ्याकडे धावेल. तो जेमतेम अर्ध्या मीटरचा आहे, दोन मिनिटांत पाहून होतो. उरलेला वेळ ग्रां-प्लास चौकात उभं राहायला ठेवा. १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी तो चौक जवळजवळ उद्ध्वस्त केला होता, आणि तिथल्या व्यापारी संघांनी अवघ्या काही वर्षांत तो पुन्हा उभा केला. कोलोनच्या कॅथेड्रलचे १५७ मीटरचे मनोरे बाहेरून मान दुखेपर्यंत पाहिले जातात, पण आत दक्षिणेकडच्या बाजूला २००७ मध्ये बसवलेली एक खिडकी आहे, ७२ रंगांच्या अकरा हजारांहून जास्त काचेच्या चौकोनांची. ऊन असेल तर ते रंग खाली फरशीवर पडतात. लूव्रमध्ये जाणार असाल तर मोनालिसाचं चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद आहे, आणि तुमच्या पुढे फोन उंचावलेले हातच हात असतील. तिथेच मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने रंगवलेली काना गावातली लग्नाची पंगत आहे, जवळजवळ १० मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. त्याच्याकडे पाठ करून सगळे उभे असतात. दुसऱ्या सहलीत मी त्याच्यासमोर अर्धा तास काढला आणि कुणाचा धक्कासुद्धा लागला नाही.

पिसाला तर मी अगदी आग्रह करेन. कललेल्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढून झाला की शेजारच्या गोल बाप्तिस्मा-घराचं तिकीट काढा. दर अर्ध्या तासाने तिथला एक कर्मचारी मधोमध उभा राहून दोन-चार सूर लावतो. घुमटात ते सूर इतका वेळ रेंगाळतात की एकच माणूस स्वतःच्याच आवाजाला साथ देतो. आईने तिथे माझा हात धरला होता, आवाज विरेपर्यंत सोडला नाही.

आता यजमानांचं. त्यांचं वाक्य वाचून मलाही वाईट वाटलं, पण ते अमलातच येऊ शकत नाही हे त्यांना सांगा. बहुतेक शहरांत बस माणसं उतरवून लगेच दूरच्या तळावर निघून जाते. चालकाच्याही विश्रांतीची वेळ असते, गाडी कुलूपबंद असते. पिसाला बसतळ मनोऱ्यापासून सुमारे किलोमीटरभर आहे. व्हेनिसला बस ट्रोनकेत्तो बेटावर थांबते, तिथून बोट, आणि पुढे पुलापुलांवर पायऱ्या. म्हणून 'बसमध्ये बसून राहीन' याऐवजी प्रत्येक थांब्याला 'मी कुठे बसेन' हे ठरवा. टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी, एकांतात, गुडघ्यांबद्दल सांगा आणि रोज विचारा, आज चालणं किती, पायऱ्या किती, बसायला बाक कुठे. चौकातल्या कॅफेत एक कॉफी घेऊन तासभर बसता येतं. इटलीत उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त आणि टेबलावरची महाग असते, पण हे पैसे गुडघ्यांवर खर्च झाले असं समजा. कुठेही पायरीवर मात्र बसू नका. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड ४०० युरोपर्यंत होऊ शकतो. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातही जमिनीवर, पायऱ्यांवर बसू देत नाहीत. घडीची काठी सोबत असू द्या.

आणि स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस या बर्फाच्या शिखरावर त्यांना नक्की न्या. तिथे गुडघ्यांचं फारसं काम नाही, केबलकारच वर नेते. शेवटचा टप्पा १९९२ पासून फिरत्या डब्यातून आहे, सगळ्यांना सगळ्या दिशा दिसतात. वरचं स्थानक ३,०२० मीटरवर आहे आणि तुम्ही सुमारे हजार मीटरच्या खोऱ्यातून तासाभराच्या आत तिथे पोहोचता, त्यामुळे हवा विरळ लागते. पहिली दहा मिनिटं बसून राहा, पायऱ्या हळू चढा, डोकं दुखलं किंवा गरगरलं तर खाली उतरा. हृदयाचा किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना या उंचीबद्दल विचारा.

मधुमेहाच्या बाबतीत तीन गोष्टींत हयगय नको. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बसच्या पोटातल्या मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. जेवणाची वेळ वाहतुकीमुळे तास-दीड तास सहज सरकते, तेव्हा खिशात खायला काहीतरी हवंच. आणि रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहा. दगडी फरशांवरून चालून फोड येतो, मधुमेहात तो कधी कधी कळत नाही आणि चिघळू शकतो. बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. मी एका सहप्रवाशाला पाचव्या दिवसापासून हॉटेलच्या चपलांत फिरताना पाहिलंय, त्यांचं स्वित्झर्लंड सगळं खोलीत गेलं.

पाण्याबद्दल थोडं मोकळेपणाने बोलते. आपण बायका, आणि वयस्कर पुरुषही, बसमध्ये स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पीत नाही. असं करू नका. चार तासांहून जास्त सलग बसण्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. पाणी प्या, बसल्या बसल्या घोटे फिरवा, प्रत्येक थांब्याला उतरून चाला, थकवा असला तरी. बस साधारण दोन-तीन तासांनी थांबते. महामार्गावरच्या स्वच्छतागृहांना बऱ्याच ठिकाणी ५० सेंट ते १ युरो पडतो, म्हणून नाणी वेगळ्या बटव्यात ठेवा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, चलन फ्रँक आहे, आणि युरोपचं म्हणून घेतलेलं सिमकार्ड तिथे चालतंच असं नाही. तेवढं विचारून घ्या. आणीबाणीचा क्रमांक मात्र सगळीकडे एकच, ११२.

विम्याचं आजच करा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण तो कागद दूतावासासाठी पुरेसा असला तरी यजमानांसाठी असेलच असं नाही. आधीपासूनच्या आजाराचं कलम शोधा, मधुमेह स्पष्ट लिहून द्या, चार पैसे जास्त पडले तरी. लपवलेला आजार निघाला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

राहता राहिली मुलगी. ती चुकीचं बोलत नाही. एक देश, रेल्वे, सावकाश, ही सुंदर सहल असते. पण ती सहल ज्याला कुठे परत जायचं हे माहीत आहे त्याची. तुम्हाला अजून ते माहीत नाही, तुम्हाला आधी सगळा नकाशा एकदा डोळ्यांखालून घालायचा आहे. २८ वर्षं शिकवलेल्या माणसाची ती भूक मला अगदी रास्त वाटते. तरीही तिचं थोडं ऐका. तुमचा व्हिसा अजून व्हायचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, म्हणजे तुमच्या हातात थोडी जागा आहे. सहलवाल्यांना विचारा, गट रोमहून परतल्यावर तुम्ही दोघं तीन दिवस तिथेच राहिलात तर परतीचं तिकीट पुढे सरकेल का. जमलं तर अर्जात, विम्यात आणि हॉटेलच्या कागदांत ते तीन दिवस धरून द्या. त्या तीन दिवसांचा सगळा बेत मुलीवर सोपवा, हॉटेल कुठे घ्यायचं तेही तिला ठरवू द्या. तिला फार आवडेल. आणि यजमानांना रोमची एखादी पूर्ण संध्याकाळ एकाच बाकावर बसून मिळेल, बस निघायची घाई नसलेली.

एक शेवटचं. बसमध्ये जागा रोज बदलतात, तशी ती बदललीच पाहिजे, पुढच्या जागेवरून वाद घालू नका. फक्त इन्सब्रुकहून निघायच्या सकाळी खिडकी तुमच्या वाट्याला येते का ते आदल्या रात्री पाहा. नसेल तर शेजारच्यांना नीट विनंती करा, भूगोल शिकवायचे म्हणून सांगा, देतील. इन्सब्रुक सोडल्यावर थोड्याच वेळात बस युरोपा पुलावरून जाते, खाली सिल नदीचं खोरं सुमारे १९० मीटर खोल आहे. तिथपासून वही उघडी ठेवा. आणि सालोर्नोजवळ पाट्यांवरून जर्मन खरंच नाहीशी होते का, ते मला परत आल्यावर कळवा.

तुमची,
ताई